पाटणादेवीच्या नाल्यातला साप कोणता, आणि आंबोलीचा पाण्यातला साप आपल्याकडे का नाही

चाळीसगावच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. सप्टेंबरात पाटणादेवीला गेले होते, परतताना नाल्यात एका दगडाला चिकटून, अंग पाण्यात आणि फक्त तोंड वर अशा अवस्थेत एक शेवाळी रंगाचा साप दिसला. मोबाईलवर दोन फोटो काढले, ग्रुपवर टाकले, तर कुणीतरी सांगितलं की हा सह्याद्रीत नव्याने शोधलेला ओढ्यातला साप आहे, ऱ्हॅब्डॉप्स, खानदेशात पहिल्यांदाच सापडला, लगेच पेपरला द्या. आता त्यांना विचारायचंय की खरंच तोच आहे का, नसेल तर कशावरून, तो ऱ्हॅब्डॉप्स नक्की आहे तरी काय, आणि असा पाण्यातला साप चावला तर काय करायचं.

आधी सरळ उत्तर देतो. भाऊ, तुमच्या फोटोतला साप दिवड आहे, आपण ज्याला पाणदिवड किंवा विरोळा म्हणतो तोच, फक्त अजून पूर्ण वाढलेला नाही आणि अंगावरचे चौकटीचे ठिपके फिके आहेत म्हणून ओळखू येत नाहीये. दुसऱ्या फोटोत डोळा झूम करून बघा. डोळ्याखालून एक काळी रेघ ओठावर उतरते, आणि डोळ्याच्या मागून दुसरी तिरकी रेघ तोंडाच्या कोपऱ्याकडे जाते. या दोन रेघा दिवडाच्या. अंगाचा रंग कसाही असो, पिवळट, तपकिरी, शेवाळी, जवळपास काळा, या रेघा बहुतेक वेळा दिसतातच, आणि ओल्या अंगावर उलट जास्त उठून दिसतात. शिवाय मानेच्या मागे बाजूने उजेड पडलाय तिथे खवल्यांवर बारीक उभे कंगोरे दिसतात, ते ऱ्हॅब्डॉप्सला नसतात. त्यामुळे पेपरला देऊ नका, पण फोटो जपून ठेवा, ते का ते पुढे सांगतो.

आता तो ऱ्हॅब्डॉप्स. हा खरोखर फार सुंदर आणि फार कमी लोकांनी पाहिलेला साप आहे, म्हणून त्याच्यावर जरा सविस्तर लिहितो. पूर्ण नाव ऱ्हॅब्डॉप्स अ‍ॅक्वॅटिकस. वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये झूटॅक्सा या जर्नलमध्ये त्याचं वर्णन केलं. पण साप काही २०१७ ला आला नाही, तो तिथे आधीपासून होताच, लोकांना दिसतही होता, फक्त त्याला दुसऱ्याच सापाच्या नावाने ओळखत होते. बेडोम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८६३ मध्ये दक्षिणेतल्या वायनाडकडच्या एका सापाचं वर्णन केलं होतं, तो आजचा ऱ्हॅब्डॉप्स ऑलिव्हेशियस. त्यानंतर गोवा आणि सिंधुदुर्गाकडे तसाच साप दिसला की तो पण ऑलिव्हेशियसच असं धरून चालायचे. दीडशे वर्षं हे असंच चाललं. मग उत्तरेकडचे साप नीट समोरासमोर ठेवून बघितले, रंग, पोटावरची नक्षी, खवले, डीएनए, तेव्हा लक्षात आलं की हा वेगळा आहे.

दिसायला कसा, तर मोठा साप वरून तपकिरी-शेवाळी, पोट मळकट पांढरं आणि त्यावर काळे ठिपके. पिल्लं मोठ्यांपेक्षा हिरवट असतात. डोकं लहान, मानेपासून फारसं वेगळं न वाटणारं, डोळे पण लहान, आणि नाकपुड्या वरच्या बाजूला वळलेल्या, म्हणजे सगळं अंग पाण्याखाली ठेवून फक्त नाकाचं टोक वर काढलं तरी श्वास घेता येतो. खवले गुळगुळीत, अंगाच्या मध्यावर १७ ओळी. विषारी नाही. हालचाल मुख्यतः रात्रीची. दिवसा ओढ्यावरून शंभर माणसं गेली तरी त्याचा पत्ता लागत नाही, त्यामुळे कमी पाहिला जाण्याचं निम्मं कारण इथेच आहे.

पण मला या सापात सगळ्यात जास्त आवडतं ते त्याचं राहणं. मोठे साप जंगलातल्या ओढ्यांमध्ये सापडतात आणि पिल्लं मोठ्या संख्येने जांभ्याच्या पठारांवर, कोकणात ज्याला सडा म्हणतात तिथल्या साचलेल्या पाण्यात सापडतात. सडा म्हणजे उन्हाळ्यात बघाल तर नुसता तापलेला उघडा दगड, तिथे काही जगत असेल असं वाटणार नाही, आणि पावसाळ्यात त्याच दगडाच्या खळग्या-खळग्यात पाणी, गवत, फुलं, बेडूकमासे. सरकारी कागदावर असली पठारं पडीक जमीन म्हणून नोंदलेली असतात, मग तिथे चिऱ्याच्या खाणी निघतात. मला यावरून एवढं स्पष्ट दिसतं की या सापाला दोन्ही लागतं, वरचा सडा आणि खालचा सावलीतला ओढा, त्यातलं एक काढून घेतलं तर दुसरं राहून उपयोग नाही. आणि ही सगळी दुनिया कुठे आहे, तर गोवा, दक्षिण महाराष्ट्र म्हणजे सिंधुदुर्गाचा भाग, आणि त्याला लागून कर्नाटकचा उत्तरेकडचा घाट. बस, एवढाच पट्टा. (ईशान्य भारतातला एक साप आधी याच वंशात (जीनसमध्ये) धरायचे, पण २०१९ मध्ये त्याला वेगळं करून स्मिथोफिस असा नवा वंश केला, त्यामुळे आता ऱ्हॅब्डॉप्स म्हटलं की तो फक्त पश्चिम घाटाचा.)

आता आपल्याकडे तो का नाही हा मुद्दा, आणि खरं सांगायचं तर मला तुमच्या प्रश्नातला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. लोक सापाचा रंग बघून नाव ठरवतात. मी म्हणतो, पाण्यातला साप असेल तर आधी ते पाणी बघा. कुठून येतं, किती महिने टिकतं, खाली दगड कोणता आहे, काठाला सावली आहे का.

सिंधुदुर्गातल्या आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. जळगावला सातशेच्या आसपास. म्हणजे आपल्यापेक्षा दहापट. तिथला जांभा सच्छिद्र, पाणी धरतो आणि हळूहळू सोडतो, त्यामुळे पावसाळा संपल्यावर पण कितीतरी ओढ्यांना झरे चालू राहतात. आपला दगड बेसाल्ट, काळा पत्थर, त्यात पाणी भेगांमध्ये आणि थरांच्या सांध्यात जेवढं मावेल तेवढंच. पाटणादेवीचा नाला सप्टेंबरात बघितला तर वाटतं किती पाणी, आणि तोच मार्चमध्ये बघा, मोजके डोह सोडले तर वाळलेला दगडगोट्यांचा रस्ता. सातपुड्याच्या बाजूला तर आणखी वेगळी गंमत आहे. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत डोंगर जिथे संपतो तिथे पायथ्याला दगडगोटे, वाळू, माती यांचा जाड थर आहे, भूजलवाले त्याला बझाडा पट्टा म्हणतात. डोंगरातून खळखळत आलेला ओढा या पट्ट्यात शिरला की जमिनीत जिरून जातो, वर पात्र कोरडं आणि पाणी खाली. केळीच्या बागा याच पाण्यावर उभ्या आहेत, आणि ते पाणी वर्षानुवर्षं इतकं उपसलं गेलंय की जे डोह पूर्वी होळीपर्यंत टिकायचे म्हणून म्हातारी माणसं सांगतात ते आता संक्रांतीला आटतात. ज्या सापाचं सगळं आयुष्य पाण्यात, गुळगुळीत अंगाचा, ओढा सोडून लांब न जाणारा, त्याने इथे फेब्रुवारी ते जून काय करायचं?

दिवड मात्र इथे टिकतो, कारण तो हट्टी नाही. ओढा आटला की विहिरीत जाईल, शेततळ्यात जाईल, पाटचारीत, गावाच्या गटारीत, धरणाच्या काठाला, केळीच्या बागेत ठिबकखाली ओल असते तिथे पण मी दिवड पाहिलेत. मासे, बेडूक, बेडूकमासे, जे मिळेल ते खातो, दिवसा पण फिरतो आणि रात्री पण. मादी ओलसर बिळात किंवा बांधाच्या भेगेत एका वेळी तीस-चाळीस, कधी त्याहून बरीच जास्त अंडी घालते आणि अंड्यांपाशी थांबते. ओढ्यातला कमी आणि पाण्याचा जास्त असा हा साप आहे, पाणी कुठलंही चालतं त्याला.

म्हणून दिवड म्हटलं की लोकांचा उत्साह जातो, साधा साप म्हणतात. पण वाहत्या ओढ्यातला दिवड कधी शांतपणे बसून बघा. सुकी नदीच्या वरच्या अंगाला एका उतारावर, जिथे पाणी दोन दगडांच्या मधून घोट्याएवढं वाहत होतं, तिथे मी एक मोठी मादी बराच वेळ पाहिली. शेपटीकडचा भाग दगडाखाली अडकवून ठेवलेला, अंग प्रवाहाच्या दिशेने सैल सोडलेलं, आणि मान मात्र प्रवाहाच्या विरुद्ध वळवलेली. डोकं दगडाच्या रंगात पूर्ण मिसळलेलं. वरून लहान मासे येत होते, ते जवळून गेले तरी ती हलत नव्हती, मग एक जरा मोठा मासा त्या अरुंद जागेतून आला आणि डोकं आडवं फिरलं, एवढंच दिसलं. मासा पोटाजवळ आडवा पकडलेला. पाण्यात गिळला नाही तिने, तोंड वर धरून काठावर आली, वाळूवर मासा दाबला, आणि जबडा थोडा थोडा सरकवत सरकवत माशाच्या डोक्यापर्यंत पोचली, मग डोक्याकडून गिळला, कारण शेपटीकडून घेतला तर कल्ल्याचे आणि परांचे काटे उलटे लागतात. गिळून झाल्यावर दोन-तीनदा जांभई दिल्यासारखा जबडा उघडून परत जागेवर बसवला आणि पुन्हा त्याच दगडाखाली गेली. मासे पकडायला ओढ्यात नेमकी कोणती जागा धरायची हे तिला पक्कं माहीत होतं.

आता ओळख पक्की कशी करायची ते सांगतो, आणि यासाठी सापाला हात लावायची अजिबात गरज नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय साप पकडणं हा गुन्हा आहे, अभयारण्यात तर विचारच करू नका. त्यापेक्षा कात शोधा. ओढ्याकाठी दगडांच्या फटीत, मुळांच्या जाळ्यात, विहिरीच्या पायऱ्यांवर कात सापडते. घरी आणून कोमट पाण्यात भिजत टाका, मऊ झाली की पांढऱ्या ताटलीवर अलगद पसरवा. पोटावरचे रुंद आडवे खवले वेगळे ओळखू येतात. अंगाच्या साधारण मध्यावर, पोटाच्या खवल्याच्या एका कडेपासून सुरुवात करून पाठीवरून तिरकं मोजत दुसऱ्या कडेपर्यंत जायचं, पोटाचा खवला धरायचा नाही. दिवडात १९ येतात. मग कात उजेडासमोर धरा, पाठीच्या खवल्यांवर मधोमध उभी रेघ दिसेल, तोच कंगोरा. १७ ओळी आणि रेघ कुठेच नाही असं आलं तर मात्र थांबा, पण उडी मारू नका, कारण धामणीला पण मध्यावर बहुधा १७ ओळीच असतात आणि तिच्या पाठीवर असले तर अगदी पुसट कंगोरे असतात. फरक मापात आहे, धामणीची कात लांबलचक असते आणि डोक्यावरच्या कातीत डोळ्याची चकती चांगली मोठी असते. एक लक्षात ठेवा, कात ताणली जाते, त्यामुळे कातीच्या लांबीवरून सापाची लांबी सांगू नका, ती नेहमी जास्तच येते.

कात नसेल तर फोटो. वरून एक फोटो काढून काम होत नाही. डोक्याचा बाजूने हवा, डोळा आणि ओठ दिसतील असा, आणि अंगाचा एक फोटो टॉर्च बाजूला धरून, म्हणजे कंगोऱ्यांच्या सावल्या पडतात आणि अंग खरखरीत दिसतं. समोरून फ्लॅश मारला तर सगळेच साप गुळगुळीत दिसतात, ग्रुपवर अर्ध्या चुकीच्या ओळखी यामुळेच होतात. पोट दिसलं तर सोन्याहून पिवळं, पण त्यासाठी साप उलटा करायला जाऊ नका. इंटरनेटवर शोधताना तुम्हाला ऑलिव्ह कीलबॅक म्हणून पण एक साप दिसेल, अ‍ॅट्रेटियम, एकसारखा शेवाळी आणि पोट पिवळं ते नारिंगी. त्याच्या खवल्यांना कंगोरे असतात, नाकपुड्या वर असतात आणि डोळ्याजवळ दिवडासारख्या रेघा नसतात. तुमचा साप तो पण नाही, रेघांवरूनच ते मिटलं.

आणि हे फार महत्त्वाचं आहे म्हणून वेगळं सांगतो. आपल्या भागात रात्री ओढ्याकाठी गुळगुळीत, चकचकीत, काळपट साप दिसला तर तो दुर्मिळ आहे का हा विचार मनात आणायच्या आधी तो मण्यार आहे असं धरून मागे सरका. मण्यार रात्रीच फिरतो, दुसरे साप खातो, आणि पाण्याजवळ चांगला सापडतो. पांढरे जोडपट्टे असतात खरे, पण ते मानेच्या मागे बऱ्याच अंतरावर सुरू होतात, आणि काही मोठ्या सापांमध्ये इतके पुसट असतात की टॉर्चच्या उजेडात दिसतच नाहीत. नवा साप सापडल्याच्या उत्साहात कुणीतरी तरुण पोरगा मण्यारीला हात घालेल ही मला या सगळ्या व्हायरल फोटोंमागची खरी भीती वाटते.

फोटो का जपून ठेवा म्हटलं, तर आपल्या ओढ्यांच्या नोंदी व्हायला पाहिजेत. सातपुड्याच्या वरच्या अंगाला, तोरणमाळ, यावल अभयारण्य, अनेरचं वरचं खोरं इथे असे काही ओढे आहेत की जे सावलीत आहेत आणि उन्हाळ्यात पण त्यांच्या डोहांना झिरा असतो. तिथे कोणता पाण्यातला साप कोणत्या महिन्यात दिसतो, पिल्लं कधी दिसतात, डोह कधी आटतो, एवढं जरी कुणी चार-पाच वर्षं सातत्याने लिहून ठेवलं तरी ते सोन्यासारखं आहे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, जागा अंदाजे ठेवण्याचा पर्याय असतो तो निवडा, पण तुमच्या वहीत मात्र ओढ्याचं स्थानिक नाव, तारीख, वेळ, पाणी वाहतं की साचलेलं हे नक्की लिहा. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या देवळापाशी २०२० मध्ये एक छोटा मासा विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला, आणि २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. एका ओढ्यात काय राहतं हे कागदावर आलं की त्या ओढ्याच्या बाजूने बोलता येतं. आपल्याकडे वाळूचे ट्रॅक्टर पात्रात उतरतात, करंट लावून आणि विष टाकून मासे मारतात, नायलॉनच्या बारीक जाळ्यात दिवड अडकून बुडून मरतात, आणि त्यावर बोलायला गेलं की विचारतात, त्या नाल्यात आहे तरी काय?

दिवड मरण्याचं आणखी एक कारण म्हणजे त्याची घाबरवायची पद्धत. कोपऱ्यात सापडला की मान चपटी करतो, पुढचं अंग उचलतो, फुसकारतो, आणि लोक नाग म्हणून काठी घेतात. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी चाळीसगावला तितूर आणि डोंगरीला पूर आला तो तुम्हाला आठवत असेलच. अशा पुरात पाणी ओसरलं की दिवड घरात, दुकानात, चिखलात अडकून राहतात आणि घाबरलेली माणसं त्यांना नागाची पिल्लं समजून मारतात. नागाचा फणा रुंद, गोलसर आणि वर उभा राहतो. दिवडाची फक्त मान पसरते, फणा होत नाही, आणि डोळ्याखालच्या त्या दोन रेघा तिथे पण दिसतात. पण लांबूनच बघून ठरवा, शंका असेल तर जवळ जाऊ नका, ओळखीच्या सर्पमित्राला किंवा वनविभागाला फोन करा.

आता शेवटचा प्रश्न, चावला तर. दिवड रागीट आहे, पटकन चावतो आणि दात बारीक पण भरपूर, त्यामुळे ओरखड्यासारखी जखम होते आणि रक्त जरा जास्त वेळ येतं, त्याने घाबरू नका. साबण लावून वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर घ्या. पण हे सगळं साप दिवडच होता याची शंभर टक्के खात्री असेल तरच. अंधारात चावला, नीट दिसला नाही, किंवा ग्रुपवर कुणी फोटो बघून बिनविषारी म्हणाला एवढ्यावर थांबू नका. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सूज नाही, आणि काही तासांनी पापण्या जड होतात, पोटात दुखतं, गिळता येत नाही, तोवर उशीर झालेला असतो. आवळून बांधणं, कापणं, चोखणं, भगताकडे नेणं यातलं काहीही करू नका. हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा, पेशंटला चालवू नका, आणि ग्रामीण रुग्णालयात किंवा जळगाव-धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात सरळ न्या. निघतानाच फोन करून प्रतिविष शिल्लक आहे का ते विचारून घ्या, नसेल तर वेळ न घालवता पुढच्या दवाखान्याकडे गाडी वळवता येते.